एकेक पान उघडून पाहणारे खुळे

बीएमएसच्या धंद्यात काही माणसं खुळी म्हणून ओळखली जातात. जुना सर्व्हर जाऊन नवा आला, चित्रांच्या फायली नव्या फोल्डरमध्ये गेल्या, आता ग्राफिक्समधले पाथ बदलायचेत, असं काम आलं की शहाणा इंजिनिअर जेवणाच्या सुट्टीआधी ‘रिप्लेस ऑल’ दाबतो, मुख्य पान उघडून बघतो आणि काम झाल्याचा मेल टाकतो. खुळा माणूसही तेच बटण दाबतो. पण त्यानंतर तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकेक पान उघडतो आणि त्यावरचं एकेक चित्र डोळ्यांनी बघतो. पानं साठ असोत की सहाशे. सोबतचे लोक बॅगा भरून गाडीत जाऊन बसतात, तेव्हा हा अजून तिसऱ्या मजल्याच्या ईस्ट विंगमध्ये असतो. साहेब म्हणतात, याला घाई कळत नाही. ठेकेदार म्हणतो, याला माझ्या साइटवर पाठवू नका, हा निघतच नाही.

मला हा खुळेपणा मनापासून आवडतो. त्याची स्तुती करायलाच हे लिहितो आहे. नुसती स्तुती करून भागणार नाही, कारणंही द्यावी लागतील. ज्यांची स्तुती करायची ती माणसं स्वतः कधी कारणं सांगत बसत नाहीत, म्हणून त्यांचं खुळेपण खुळेपणच राहून जातं.

बीएमएस म्हणजे बिल्डिंग मॅनेजमेंट सिस्टिम. मोठं हॉस्पिटल, मॉल, आयटी पार्क, कुठेही गेलात तरी बहुतेक वेळा तळघरात, पंपरूमच्या आसपास तिची एक खोली असते. इमारतीतली हवा, पाणी, वीज, आग यांची खबर तिथल्या स्क्रीनवर येते. एएचयू, म्हणजे हवा गाळून, गार करून डक्टमध्ये ढकलणारं यंत्र, त्याचं चित्र स्क्रीनवर असतं: पत्र्याची लांबट पेटी, तिच्यात फिल्टर, कॉइल, पंखा, डँपर. चित्राच्या अंगावर आकडे असतात. आत जाणारी हवा 14.2 अंश, परत येणारी 24.6, व्हॉल्व्ह 63 टक्के उघडा. पाहणाऱ्याला हे सगळं एकच वाटतं. आतून मात्र आकडा आणि चित्र यांची ओळखदेखील नसते. आकडा कंट्रोलरकडून येतो, चित्र कुठल्यातरी फोल्डरमधल्या फाइलीतून येतं, आणि दोघांची गाठ त्या पानावर पडते. पानाच्या पोटात चित्र नसतंच, चित्राचा पत्ता असतो. त्या पत्त्याला आम्ही पाथ म्हणतो, आणि पाथ तुटला की ऑपरेटरचा फोन येतो: “साहेब, इमेज येत नाहीये.”

फोन आला तर नशीब म्हणायचं. खुळ्यांना काळजी असते ती ज्या चित्रांबद्दल फोन येत नाही त्यांची. त्यांच्याकडे मी पुढे येतोच.

आमच्याकडे बरंचसं काम नायगारावर चालतं. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, रिचमंडच्या ट्रिडियम कंपनीनं ही प्रणाली काढली. 2005 साली हनिवेलनं ती कंपनी घेतली. परदेशातल्या इमारतींच्या ग्राफिक्सची पानं पुण्यात बसून तयार करणारी कितीतरी मुलं-मुली आहेत, त्यामुळे नायगारातले शब्द इथल्या कँटीनमध्ये सहज ऐकू येतात. नायगारातल्या ग्राफिक पानाला पीएक्स फाइल म्हणतात. ती एक्सएमएल असते, म्हणजे निव्वळ मजकूर. साध्या नोटपॅडमध्ये उघडली तरी वाचता येते. त्या मजकुरात चित्राचा पत्ता बहुधा तीन तऱ्हांनी लिहिलेला सापडतो. ‘मॉड्यूल’पासून सुरू होणारा पत्ता म्हणजे चित्र सॉफ्टवेअरबरोबरच आलेलं, ते मॉड्यूल नव्या सर्व्हरवर चढवलेलं असलं की चित्र दिसणार. दुसऱ्या तऱ्हेत ‘फाइल’ आणि तिच्यापुढे ^ ही टोपी. टोपीचा अर्थ या स्टेशनचं, म्हणजे इमारतीच्या नायगारा प्रणालीचं, घर. घर कुठल्याही ड्राइव्हवर, कुठल्याही मशीनवर हलवा, टोपी त्याच्याबरोबर जाते. तिसरी तऱ्हा सगळ्या भानगडींचं मूळ आहे: सी ड्राइव्ह, यूजर्स, कुणा एकाचं नाव, डेस्कटॉप, न्यू फोल्डर, एएचयू फायनल. हा पत्ता त्या माणसाच्या लॅपटॉपचा. तो माणूस नोकरी सोडून दुबईला गेला, लॅपटॉप कंपनीनं परत घेऊन फॉरमॅट केला, तरी पान अजून त्याच डेस्कटॉपवर चित्र शोधत असतं.

अशा पत्त्यातला दोष लिहिणाऱ्याला दिसत नाही. त्याच्या लॅपटॉपवर ती फाइल असतेच, त्यामुळे त्याला पान भरलेलं दिसतं आणि तो खऱ्या मनानं सांगतो की माझ्याकडे सगळं येतंय. म्हणून खुळा माणूस स्वतःच्या लॅपटॉपवर विश्वास ठेवत नाही. तो ऑपरेटरच्या खुर्चीत बसतो, ऑपरेटरच्या लॉगिननं, ऑपरेटरच्या ब्राउझरमध्ये पान उघडतो, आणि त्याआधी ब्राउझरची कॅश पुसतो. एकदा पाहिलेलं चित्र ब्राउझर स्वतःकडे ठेवून घेतो आणि मूळ फाइल गेली तरी काही काळ तेच दाखवत राहतो, हे त्याला ठाऊक असतं. सिक्युरिटीच्या केबिनमध्ये आणखी एक मॉनिटर आहे असं कळलं तर तो तिथेही जाऊन बघतो. याला लोक हसतात. मला त्यात हसण्यासारखं काही सापडलेलं नाही. चित्र ज्याला वापरायचंय त्याच्या डोळ्यांसमोर ते येतंय का, एवढंच तो तपासतो.

त्याची दुसरी खोड म्हणजे मोठं अक्षर आणि छोटं अक्षर यांवरून वाद घालणं. विंडोजला फाइलच्या नावातलं कॅपिटल अक्षर आणि स्मॉल अक्षर सारखंच. लिनक्सला आणि क्यूएनएक्सला ती दोन वेगळी नावं वाटतात. सर्व्हर बहुधा विंडोजचा असतो, पण मजल्यावरच्या पॅनेलमध्ये बसलेला जेस 8000 कंट्रोलर क्यूएनएक्सवर चालतो. तेच पान सर्व्हरवर सुरेख दिसतं आणि कंट्रोलरवर चढवलं की पंप गायब. रेघेचंही तसंच. 1983 साली एमएस-डॉसच्या 2.0 आवृत्तीत फोल्डर आले, तेव्हा साधी तिरकी रेघ आधीच दुसऱ्या कामाला लावलेली होती, म्हणून मायक्रोसॉफ्टनं उलटी तिरकी रेघ घेतली; युनिक्सच्या घराण्यात आधीपासून साधीच होती. चाळीस वर्षं झाली, दोन्ही रेघा एकाच पानात सुखानं नांदताना दिसतात, आणि शोधायला जाल तर एक सापडते, दुसरी सुटते. शिवाय विंडोजची 260 अक्षरांची जुनी मर्यादा. फोल्डरात फोल्डर, त्यात फोल्डर, प्रत्येकाला लांबलचक नाव. झिप उघडताना सगळ्यात आतल्या चार फायली मागे राहतात आणि बाकीच्या हजार येतात. हजार आल्यावर चार कोण मोजतो? खुळा मोजतो. जुन्या फोल्डरमध्ये किती, नव्यात किती.

आता ‘रिप्लेस ऑल’. मी त्या बटणाच्या विरोधात नाही. शेकडो पीएक्स फायलींमधला एकच जुना पत्ता हातानं बदलत बसणं म्हणजे नव्या चुकांना आमंत्रण आहे. पण ते बटण फक्त अक्षरं ओळखतं. ‘एएचयू-1’ला ‘एएचयू-01’ करायला सांगितलं तर ते ‘एएचयू-12’लाही इमानानं ‘एएचयू-012’ करून ठेवतं. जिथे जुन्या फोल्डरचं नाव एका जागी कॅपिटलमध्ये लिहिलं होतं, तिथे ते पोचत नाही. आणि त्यानं किती जागा बदलल्या तो आकडा स्क्रीनवर येतो, किती जागा राहिल्या तो येत नाही.

इथवरची कारणं कुठल्याही वेबसाइटवाल्याला पटतील. इमारतीच्या ग्राफिक्सचं दुखणं याच्या पुढे सुरू होतं.

मजल्याचा नकाशा घ्या. फ्लोअर प्लॅन म्हणून एक मोठं चित्र पानाच्या तळाशी पसरलेलं असतं आणि त्यावर खोल्यांची तापमानं ठेवलेली असतात. प्रत्येक आकड्याची जागा पिक्सेलमध्ये ठरलेली: डावीकडून इतके, वरून इतके. नकाशाचा पाथ तुटला तर आकडे जिथल्या तिथे राहतात आणि खालची इमारत नाहीशी होते. 23.4, 24.1, 22.8, भिंत काढून घेतल्यावर हवेत लटकत राहिलेल्या खुंट्यांसारखे. कुठली खोली कुठली ते कळत नाही. तरी हा प्रकार परवडला, कारण पांढरंफटक पान पाहून कुणीही ओरडतो. खरा घात होतो तो पाथ जोडला जातो पण नकाशा बदललेला असतो तेव्हा. आर्किटेक्टनं मधे कधीतरी नवा नकाशा दिला, कुणीतरी जुन्याच नावानं तो त्या फोल्डरमध्ये टाकला, नव्यात डावीकडची पट्टी कापलेली आहे. आता सगळे आकडे एकेक खोली उजवीकडे सरकले. कॉन्फरन्स रूमचं तापमान सर्व्हर रूमवर, सर्व्हर रूमचं जिन्यात. पानावर कुठेही लाल फुली नाही, सगळं नीटनेटकं. तक्रार येते की कॉन्फरन्स रूममध्ये घामाच्या धारा लागल्यात, ऑपरेटर स्क्रीन बघून सांगतो की तिथे 21 अंश आहे, आणि महिनाभर दोन्ही बाजू एकमेकांना खोटं ठरवत राहतात.

म्हणून आमचा खुळा माणूस नकाशाची रुंदी-उंची पिक्सेलमध्ये लिहून ठेवतो. जुनी किती होती, नवी किती आहे. आणि मग मजल्यावर जातो. हातात डिजिटल थर्मामीटर घेऊन एका खोलीत उभा राहतो, खाली ऑपरेटरला फोन लावून विचारतो की या खोलीवर काय आकडा दिसतोय, थर्मोस्टॅट दोन अंशांनी वाढवायला सांगतो आणि खाली कुठला आकडा हलतो ते ऐकतो. प्रत्येक मजल्यावर निदान एक कोपरा तरी असा पायांनी जाऊन पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. पाथ बदलण्याच्या कामासाठी जिने चढणारा माणूस पाहून फॅसिलिटी मॅनेजर आपल्या असिस्टंटकडे बघतात. बघोत.

न दिसणारं चित्र आणि चुकीचं चित्र यांत मी केव्हाही न दिसणारं पसंत करीन. न दिसणारं स्वतःची तक्रार स्वतः करतं. चुकीच्या चित्राच्या बाजूनं मात्र सगळेच उभे राहतात, कारण ते चित्र आहे, रंगीत आहे, आणि त्याच्यावर आकडेही हलताहेत. सप्लाय फॅनच्या जागी रिटर्न फॅनचं चित्र लागलं तर बाणाची दिशा उलटी होते. एवढं बघायला सॉफ्टवेअर नाही. तिथे एएचयू म्हणजे काय हे कळणारा माणूस बसवावा लागतो. म्हणूनच हे काम सगळ्यात नव्या पोराकडे सोपवण्याची जी पद्धत आहे ती मला मान्य नाही. पोराला बटण दाबायला द्या, बघायला अनुभवी माणूस बसवा.

आणि अशीही चित्रं असतात जी रोज दिसतच नाहीत. पंख्याचं चित्र एक नसतं, निदान तीन असतात: चालू असताना हिरवा फिरणारा, बंद असताना करडा, ट्रिप झाला, म्हणजे बिघाडानं आपोआप बंद पडला, की लाल. पॉइंटची स्थिती बदलली की पान चित्र बदलतं. म्हणजे तीन फायली, तीन पाथ. काम रात्री चालू आहे, सगळे पंखे बंद आहेत, पानभर करडे पंखे दिसताहेत. शहाणा माणूस पान पाहून बरोबरची खूण करतो. सकाळी पंखे सुरू होतात आणि हिरव्याचा पाथ तुटलेला निघतो. तो तरी सकाळी निघतो. लाल चित्र निघायला पंखा खरोखर ट्रिप व्हावा लागतो. तो दिवस सहा महिन्यांनी येईल, तीन वर्षांनी येईल. ज्या चित्राची सगळ्यात जास्त गरज असते तेच सगळ्यात कमी वेळा उघडलं जातं. आगीचा डँपर बंद झाल्याचं चित्र, टाकी भरून वाहत असल्याचं चित्र, जनरेटर फेल झाल्याचं चित्र, सगळ्यांची हीच गत.

पुण्यातल्या एका हॉस्पिटलच्या तळघरात मी हे काम जवळून पाहिलं. इंजिनिअर होती तिशीच्या आतली मुलगी, आणि शेजारच्या खुर्चीत निवृत्तीला आलेले ऑपरेटर काका. तिनं समोर वही उघडून ठेवली होती. डावीकडे जुना पाथ, मधे नवा, उजवीकडे चालू, बंद, ट्रिप असे तीन रकाने. चालू आणि बंद यांच्या खुणा भरत आल्या होत्या.

“काका, आता एएचयू चारला ट्रिप दाखवते.”

“ओटीचा आहे तो, ताई.”

“माहितीये. चार वाजल्यानंतर ओटी रिकामी आहे, सिस्टरना विचारलंय. आणि इलेक्ट्रिशियन दादांनी पॅनेलवरचा सिलेक्टर मॅन्युअलवर टाकलाय, त्यामुळे पंखा चालूच राहील. इथे फक्त पॉइंट ओव्हरराइड करायचाय.”

काकांनी तरी वर फोन लावून पुन्हा विचारलं, आणि मग मान डोलावली. तिनं राइट क्लिक केलं, ट्रिपचा पॉइंट ओव्हरराइड केला, म्हणजे हातानं ‘ट्रिप’वर टाकला. हिरवा पंखा गेला. त्याच्या जागी लाल काही आलं नाही. पेटी होती, फिल्टर होता, कॉइल होती, आणि पंख्याच्या जागी पेटीचा मोकळा पत्रा. मधे कुणी पंखा काढून नेल्यासारखं नुसतं भोकही नाही, जणू तिथे कधी पंखा नव्हताच.

“म्हणजे हा खरंच ट्रिप झाला असता तर?” काकांनी विचारलं.

“अलार्मच्या यादीत ओळ आली असती.”

“यादीत रोज दोनशे ओळी येतात, ताई. कुठलं दार उघडं राहिलं, कुठला फिल्टर चोंदला. मी यादी कधी वाचतो? मी चित्र बघतो.”

तिनं पीएक्स फाइल मजकूर म्हणून उघडली. हिरव्या आणि करड्या चित्राचे पाथ नवे होते. लाल चित्राच्या पाथमध्ये जुन्या फोल्डरचं पहिलं अक्षर कॅपिटल होतं. शोधताना ते सुटलं होतं. तिनं ते नीट केलं, पान परत उघडलं, लाल पंखा आला. काकांनी तो बराच वेळ बघितला. “असा दिसतो होय,” म्हणाले. इतकी वर्षं ते या खुर्चीत बसत होते, आणि हे चित्र त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मग ओव्हरराइड काढला, सिलेक्टर परत ऑटोवर गेल्याचा फोन आला, उजव्या रकान्यात खूण झाली, आणि एएचयू पाच.

ऑपरेशन थिएटरमध्ये हवेचा दाब बाहेरच्या कॉरिडॉरपेक्षा किंचित जास्त ठेवावा लागतो, म्हणजे दार उघडलं तरी बाहेरची हवा आत शिरत नाही. अॅश्रे 170 या मानकात हा फरक निदान 2.5 पास्कल सांगितला आहे. तो दाब धरून ठेवणारा पंखा बंद पडला तर खाली बसलेल्या माणसाला ते क्षणात कळलं पाहिजे, आणि तो क्षण एका लाल चित्राच्या पाथवर उभा आहे. ज्यांना हे काम क्षुल्लक वाटतं त्यांनी हे एकदा मनाशी मांडून बघावं.

मला या माणसांचं काम पाहून नेहमी आमच्या धंद्याचा मूळ पुरुष आठवतो. वॉरन जॉन्सन विस्कॉन्सिनमध्ये व्हाइटवॉटर गावच्या शिक्षक-प्रशिक्षण शाळेत शिकवायचे. थंडीच्या दिवसांत शिपाई थोड्या थोड्या वेळानं वर्गात डोकावून तापमान बघायचा आणि तळघरात जाऊन उष्णता कमी-जास्त करायचा. शिकवण्यात व्यत्यय यायचा. खोलीतल्या तापमानाची खबर तळघरात विजेनं पोचेल असं उपकरण जॉन्सननी बनवलं, 1883 साली त्याचं पेटंट घेतलं आणि 1885 साली मिलवॉकीत कंपनी काढली. आजची जॉन्सन कंट्रोल्स ती. माणसाला प्रत्येक खोलीत डोकवायला लागू नये, यासाठी हा सगळा धंदा उभा राहिला. 1995 साली बॅकनेट हे मानक आलं आणि एका कंपनीचा आकडा दुसऱ्या कंपनीच्या मशीनला कळू लागला. ग्राफिक्सची पानं मात्र ज्याची त्याची राहिली. खोलीत डोकावणाऱ्या शिपायाची सुटका झाली ती स्क्रीनवरच्या चित्रावर भरवसा ठेवूनच. तो भरवसा कुणीतरी अधूनमधून स्वतः डोकावून खरा करावा लागतो, आणि ते करणारी हीच माणसं आहेत.

त्यांना खुळं म्हणण्याचं खरं कारण पैशाचं आहे. आपल्याकडे बीएमएसचं टेंडर पॉइंटांवर निघतं: इनपुट किती, आउटपुट किती, कंट्रोलर किती, केबल किती मीटर. ग्राफिक्स म्हणून फार तर एक ओळ. त्यातही चित्रांचे पाथ तपासायला दिवस धरलेले मी पाहिलेले नाहीत. हँडओव्हरच्या दिवशी मालकाला मुख्य पान आणि एखादा एएचयू दाखवतात, टाळ्या होतात, सही होते. पुढे एएमसी, म्हणजे देखभालीचं वार्षिक कंत्राट, एकाकडून दुसऱ्याकडे जातं, नवा माणूस येतो, जुन्याच्या डेस्कटॉपचे पत्ते वारशानं मिळतात. इमारत विकली जाते, मालकाचा लोगो बदलतो. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात तो असतो, म्हणून कुणीतरी युक्ती काढतं की नवा लोगो जुन्याच फाइलच्या नावानं ठेवून द्यावा. पाथ बदलायला नको! युक्ती चालते, हे मी नाकारत नाही. पण मग त्या फोल्डरमध्ये जुन्या कंपनीच्या नावाची फाइल नव्या कंपनीचा लोगो दाखवत बसते, आणि पाच वर्षांनी येणारा कुणी ती निरुपयोगी समजून पुसतो. खुळा माणूस पहिल्याच दिवशी फाइलचं नाव नुसतं ‘लोगो’ ठेवतो. चित्रांना ‘इमेज 7’ न म्हणता ‘चिलर उजवीकडून’ म्हणतो. सगळी चित्रं स्टेशनच्या घरात आणून सगळे पत्ते टोपीनं सुरू करतो. या गोष्टींचे त्याला वेगळे पैसे मिळत नाहीत, आणि पुढच्या माणसाचा जो दिवस वाचतो तो कुणाच्या हिशेबात येत नाही.

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकाचा आरंभ मूर्खलक्षणांनी केला आहे आणि त्याच दशकाच्या दहाव्या समासात पढतमूर्खाची लक्षणं वेगळी सांगितली आहेत. शिकूनसवरून मूर्ख राहिलेल्याला त्यांनी वेगळी जागा दिली, याचं मला फार महत्त्व वाटतं. आमच्या कचेऱ्यांमध्ये वही घेऊन बसणाऱ्या मुलीला साधं खुळं म्हणतात. पण न उघडलेल्या पानांसाठी ‘100 टक्के पूर्ण’ असा अहवाल सही करून पाठवणारा डिग्रीवाला कुठल्या समासात बसतो, हे ज्यानं त्यानं उघडून पाहावं.

ती मुलगी आता पुण्यातूनच एका थंड देशातल्या इमारतीच्या ग्राफिक्सवर काम करते. चित्रांचं स्थलांतर उन्हाळ्यात झालं. चिलरची, कूलिंग टॉवरची, पंपांची पानं तिनं तिथल्या ऑपरेटरला फोनवर धरून तिन्ही स्थितींत तपासली. बॉयलर तेव्हा बंद होते, आणि चालू नसलेल्या बॉयलरवर ओव्हरराइडनं आणलेलं चित्र तिला पुरेसं वाटत नाही. खरी ज्योत लागल्यावर, खऱ्या तापमानाचा आकडा चित्राच्या कुठल्या भागावर येतो ते तिला बघायचंय. हीटिंग तिकडे ऑक्टोबरमध्ये सुरू होतं. तिच्या वहीतली बॉयलरची पानं तोवर अर्धी कोरी आहेत आणि जुनं फोल्डर तिनं सर्व्हरवरून हलवू दिलेलं नाही. जागा अडते म्हणून तिथल्या आयटीवाल्यांनी दोनदा विचारलं. तिनं त्या फोल्डरमध्ये एक टेक्स्ट फाइल करून ठेवली आहे: ऑक्टोबरअखेरपर्यंत डिलीट करू नये, काही अडचण असल्यास या नंबरवर फोन करावा, पुण्यात रात्र असली तरी चालेल.